पावित्र्य क्षणात की क्रमाने? जॉन वेस्ली व काउंट झिंझेनडॉर्फ यांच्यातील वाद

इ. स. १७४१ च्या सप्टेंबर महिन्याच्या ३ तारखेस लंडन शहरातील ग्रेज इन या वकिलांच्या संस्थेच्या उद्यानात दोन धर्मोपदेशक बोलत होते. एक इंग्रज होता, दुसरा जर्मन. संभाषण लॅटिन भाषेत चालले होते. इंग्रज गृहस्थ म्हणजे मेथडिस्ट चळवळीचे प्रवर्तक जॉन वेस्ली, आणि जर्मन गृहस्थ म्हणजे मोरेव्हियन बंधुसंघाचे नेते काउंट निकोलाउस झिंझेनडॉर्फ. तीन वर्षांपूर्वी याच मोरेव्हियनांच्या सहवासात वेस्ली यांच्या जीवनाला नवे वळण लागले होते. त्या दिवशी मात्र दोघांचे मार्ग कायमचे वेगळे झाले. वेस्ली यांनी हा संवाद आपल्या दैनंदिनीत नोंदवून ठेवला, त्यामुळे तो आज उपलब्ध आहे. नोंद एका पक्षाची आहे, हे अभ्यासकांनी ध्यानात ठेवावे. तथापि झिंझेनडॉर्फ यांच्या अन्य प्रवचनांतून जी भूमिका दिसते तिच्याशी ही नोंद जुळते.

वादाचा प्रश्न वरवर पाहता केवळ ख्रिस्ती धर्मशास्त्राचा वाटेल. ज्या क्षणी मनुष्य श्रद्धा ठेवतो त्याच क्षणी तो संपूर्ण पवित्र होतो काय? की पावित्र्य हे पायरीपायरीने, आयुष्यभराच्या साधनेने वाढत जाते? या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला आहे. मनुष्य बदलला हे ठरवावयाचे कोणी आणि कशावरून? प्रस्तुत लेखात या दुसऱ्या प्रश्नाच्या अनुरोधाने वादाचा इतिहास पाहावयाचा आहे.

वादाची पूर्वपीठिका

प्रथम काही संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात 'तारण' म्हणजे पापापासून व त्याच्या दंडापासून सुटका. 'नीतिमान ठरणे' म्हणजे देवाच्या न्यायासनापुढे मनुष्य निर्दोष गणला जाणे. 'पवित्रीकरण' म्हणजे त्याचे अंतःकरण व आचरण प्रत्यक्षात शुद्ध होणे. या दोहोंचा परस्परसंबंध काय, यावरच सोळाव्या शतकात युरोपातील चर्च दुभंगले.

मार्टिन ल्यूथर यांचे म्हणणे असे की, श्रद्धावान मनुष्य एकाच वेळी नीतिमानही असतो आणि पापीही असतो. त्याची नीतिमत्ता त्याची स्वतःची नसते. ती ख्रिस्ताची असून त्याच्या खाती जमा धरलेली असते. कॅथलिक चर्चने ट्रेंट येथील धर्मपरिषदेत, १३ जानेवारी १५४७ रोजी, याच्या विरुद्ध निर्णय दिला. नीतिमान ठरणे म्हणजे केवळ पापक्षमा नव्हे, तर अंतरीचे नूतनीकरणही होय आणि सत्कृत्यांनी ते वाढत जाते, असे त्या परिषदेने घोषित केले. जॉन कॅल्विन यांनी दोन्ही गोष्टी भिन्न, परंतु एकमेकींपासून अविभाज्य मानल्या. त्यांच्या परंपरेतील १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीत आणि १६४६ मध्ये सिद्ध झालेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धापत्रात असा सिद्धांत मांडला गेला की, पवित्रीकरण खरे असले तरी या जन्मात ते अपूर्णच राहते. अत्यंत पुण्यशील मनुष्याचीही केवळ सुरुवातच झालेली असते.

म्हणजे अठराव्या शतकाच्या आरंभी प्रॉटेस्टंट जगतातील मुख्य प्रवाह क्रमिक व अपूर्ण पवित्रीकरणाचा होता. वेस्ली आणि झिंझेनडॉर्फ या दोघांनीही आपापल्या परीने या प्रवाहास छेद दिला.

दोन व्यक्ती, दोन अनुभव

झिंझेनडॉर्फ यांचा जन्म १७०० मध्ये ड्रेस्डेन येथे सरदार घराण्यात झाला. १७२२ मध्ये मोरेव्हिया प्रांतातून धार्मिक छळामुळे पळून आलेल्या लोकांना त्यांनी सॅक्सनीतील आपल्या जहागिरीत आश्रय दिला. तेथे हेर्नहूट ही वसाहत उभी राहिली. सुतार, कुंभार, विणकर अशा सामान्य कारागिरांचा हा समाज होता. १७३२ मध्ये त्याचे पहिले दोन धर्मप्रचारक डेन्मार्कच्या ताब्यातील वेस्ट इंडीजमधील सेंट थॉमस या बेटावर, तेथील आफ्रिकी गुलामांकडे गेले.

वेस्ली यांचा जन्म १७०३ मध्ये इंग्लंडमधील एपवर्थ येथे एका धर्मगुरूच्या घरी झाला. ऑक्सफर्ड येथे त्यांनी व त्यांच्या मित्रांनी कडक नियमांचे एक मंडळ चालविले. उपवास, प्रार्थना, तुरुंगातील कैद्यांची भेट, गरिबांना मदत असा त्यांचा कार्यक्रम असे. त्यांच्या या पद्धतशीरपणाची थट्टा करण्यासाठीच 'मेथडिस्ट' हे नाव रूढ झाले. तथापि एवढे करूनही मनाला स्वस्थता नव्हती. जॉर्जिया वसाहतीकडे जाताना १७३६ च्या जानेवारीत समुद्रात वादळ झाले, तेव्हा इंग्रज प्रवासी भयाने ओरडत असताना मोरेव्हियन स्त्री-पुरुष व मुले शांतपणे भजन गात राहिली. ते दृश्य वेस्ली विसरू शकले नाहीत. परत आल्यावर पीटर बोलर या मोरेव्हियन उपदेशकाने त्यांना सांगितले की, खरी श्रद्धा एका क्षणात प्राप्त होते. २४ मे १७३८ रोजी लंडनच्या ऑल्डर्सगेट मार्गावरील एका सभेत ल्यूथर यांची एक प्रस्तावना वाचली जात असता वेस्ली यांना तसा अनुभव आला. त्याच उन्हाळ्यात ते हेर्नहूट पाहून आले.

मतभेद लवकरच उद्भवला. १७३९ च्या ऑक्टोबरात फिलिप मोल्थर हे मोरेव्हियन उपदेशक लंडनला आले. ज्याच्या ठायी पूर्ण श्रद्धा नाही त्याने प्रार्थना, धर्मग्रंथवाचन, प्रभुभोजन या सर्व साधनांपासून दूर राहावे व स्वस्थ बसून कृपेची वाट पाहावी, असा त्यांचा उपदेश होता. अनेकांनी उपासना सोडली. साधनाच सोडली तर चारित्र्य कशाच्या आधारे घडावे, असा वेस्ली यांचा आक्षेप होता. जुलै १७४० मध्ये ते थोड्या अनुयायांसह त्या मंडळातून बाहेर पडले.

उद्यानातील संवाद

या पार्श्वभूमीवर १७४१ चा संवाद झाला. त्याचा आशय असा आहे. झिंझेनडॉर्फ यांनी प्रारंभीच सांगितले की, या जन्मात मनुष्याच्या ठायी अंगभूत अशी कोणतीही पूर्णता आपण मानत नाही. तसे मानणे ही सर्व चुकांतील मोठी चूक होय. ख्रिस्त हीच आमची एकमेव पूर्णता. ती आम्हांस आरोपित होते, आमच्या अंगी निर्माण होत नाही. यावर वेस्ली यांनी विचारले, खरा श्रद्धावान मनुष्य पवित्र असतो की नाही? उत्तर मिळाले, असतो. परंतु ख्रिस्तामध्ये, स्वतःमध्ये नव्हे. तो पवित्र जीवन जगत नाही काय? जगतो, परंतु त्यामुळे तो स्वतः पवित्र ठरत नाही.

नंतर झिंझेनडॉर्फ यांनी आपला मुख्य सिद्धांत मांडला. ज्या क्षणी मनुष्य नीतिमान ठरतो त्याच क्षणी तो संपूर्ण पवित्रही होतो आणि तेथून मरणापर्यंत त्याचे पावित्र्य वाढतही नाही, कमीही होत नाही. कालच श्रद्धेत आलेले अर्भक आणि आयुष्यभर श्रद्धेत मुरलेला वृद्ध हे अंतःकरणाने सारखेच शुद्ध असतात. वेस्ली यांनी आत्मसंयमनाचा मुद्दा काढला, तेव्हा काउंटनी तोही झिडकारला.

या भूमिकेतील बळ नाकारता येत नाही. तिच्यात संतांची उतरंड नाही. विणकर आणि सरदार, नवागत आणि जुना, यांच्यात पावित्र्याचे अधिक-उणे नाही. रोज स्वतःचे मन तपासून निराश होणाऱ्या माणसाला तिच्यात मोठा दिलासा होता. वेस्ली यांना मात्र तिच्यात धोका दिसला. ज्याचे पावित्र्य दुसऱ्याच्या खात्यावर पूर्ण झाले आहे, त्याला त्याच्या वर्तनाविषयी जाब कोणत्या आधारावर विचारावयाचा?

वेस्ली यांचा मार्ग

वेस्ली यांनी क्रमिक पवित्रीकरणाची जुनी बाजू जशीच्या तशी उचलली, असे मानणे चुकीचे ठरेल. त्यांची भूमिका दोन टोकांच्या मधील आहे. नीतिमान ठरताच पवित्रीकरणास आरंभ होतो, ते क्रमाने वाढते आणि मरणापूर्वीच एखाद्या क्षणी ते पूर्णत्वास पोहोचू शकते, असे ते सांगत. मनुष्य बराच काळ मरणपंथास लागलेला असला तरी प्राण जाण्याचा क्षण एकच असतो, तसेच हे आहे, असा दाखला त्यांनी दिला. १७६६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'ख्रिस्ती पूर्णतेचे सरळ विवेचन' या त्यांच्या ग्रंथात हा विचार एकत्र आला आहे. पूर्णता म्हणजे त्यांच्या मते अज्ञान, चूक, आजार वा मोह यांपासून मुक्ती नव्हे. देवावरील व शेजाऱ्यावरील प्रेमाने अंतःकरण भरून जाणे, हीच पूर्णता. आपण स्वतः त्या अवस्थेस पोहोचलो, असा स्पष्ट दावा त्यांनी केला नाही.

सिद्धांताइतकीच त्यांची संघटना महत्त्वाची आहे. १७४२ मध्ये ब्रिस्टल येथील सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी प्रत्येक सभासदाकडून आठवड्याला एक पेनी गोळा करावी, म्हणून सुमारे बारा बारा सभासदांचे गट पाडण्यात आले. गटप्रमुख पैसे गोळा करावयास घरोघर जाऊ लागला, तेव्हा त्याला सभासदांचे वर्तनही दिसू लागले. वेस्ली यांनी ही संधी ओळखली. या गटांस 'वर्ग' म्हणू लागले. दर आठवड्याला वर्ग भरे आणि प्रत्येकजण आपली स्थिती सांगे. खाणकामगार, मोलकरणी, विणकर यांचा त्यांत भरणा असे आणि स्त्रियाही वर्गप्रमुख होत. १७४३ मध्ये सामान्य नियम छापले गेले. कोणाचे वाईट न करणे, शक्य तितके भले करणे आणि उपासनेची साधने न सोडणे, हे त्यांतील तीन मुख्य भाग होत.

हे नियम कागदावरच राहिले नाहीत. १७४३ च्या मार्च महिन्यात न्यूकॅसल येथील मंडळीतून ६४ जणांना वगळल्याची नोंद वेस्ली यांच्या दैनंदिनीत आहे. त्यांपैकी १७ मद्यपानाबद्दल, ३ भांडण-मारामारीबद्दल, २ दारूविक्रीबद्दल, एक बायकोला मारल्याबद्दल आणि २९ निष्काळजी वर्तनाबद्दल वगळले गेले होते. श्रद्धा नाही म्हणून वगळलेला या यादीत एकही नाही. येथे तपासले जात होते ते वर्तन.

क्षणिक पूर्णतेचा उद्रेक

तथापि वेस्ली यांनी जो क्षणाचा दरवाजा उघडा ठेवला होता, त्यातून संकट आत आले. १७६२ च्या सुमारास लंडनच्या मेथडिस्ट मंडळीत आपण क्षणात पूर्ण झालो असे सांगणाऱ्यांची संख्या वाढली. जॉर्ज बेल हा माजी सैनिक त्यांत अग्रेसर होता. आपण देवदूतांसारखे शुद्ध झालो, आता आपल्या हातून पाप होणे शक्य नाही, ज्यांना हा अनुभव नाही त्यांनी आपल्याला शिकवू नये, अशी या लोकांची भाषा होती. टॉमस मॅक्सफिल्ड या ज्येष्ठ उपदेशकाने त्यांची पाठराखण केली. २८ फेब्रुवारी १७६३ रोजी जगाचा अंत होणार, असे भाकीत बेल याने केले. त्या रात्री वेस्ली यांनी स्पिटलफील्ड्स येथे प्रवचन करून भाकितातील भ्रम उघड केला. रात्र सरली आणि जग राहिले, मंडळीतील अनेकजण मात्र निघून गेले. मॅक्सफिल्डही गेले. त्याच वर्षी 'श्रद्धावंतांमधील पाप' हे प्रवचन वेस्ली यांनी प्रसिद्ध केले आणि त्यात झिंझेनडॉर्फ यांच्या मताचा नाव घेऊन प्रतिवाद केला.

झिंझेनडॉर्फ म्हणत की पूर्णता ख्रिस्ताची आहे, माझी नाही. बेल म्हणे की ती माझीच आहे. दोन्ही मते एकमेकांविरुद्ध, परंतु परिणाम एकच झाला. दोघांच्याही बाबतीत बाहेरच्या माणसाला प्रश्न विचारण्यास जागा उरली नाही.

गुलामगिरीची कसोटी

या वादाची खरी परीक्षा लंडनच्या उद्यानात झाली नाही, ती अमेरिकेच्या मळ्यांत झाली. संवादाच्या अडीच वर्षे आधी, जानेवारी १७३९ मध्ये, झिंझेनडॉर्फ स्वतः सेंट थॉमस बेटावर गेले होते. मळेवाल्यांच्या चिथावणीने तुरुंगात टाकलेल्या प्रचारकांची त्यांनी सुटका करवून घेतली, हे त्यांचे श्रेय आहे. परंतु बेट सोडताना धर्मांतरित गुलामांपुढे त्यांनी जे निरोपाचे भाषण केले, त्याचा आशय असा होता की, धर्मांतराने तुम्ही दुष्ट विचारांपासून व सवयींपासून मुक्त व्हाल, मालकांच्या सत्तेपासून नव्हे. काळ्या माणसाला गुलामी हा दंड देवानेच दिला आहे. त्यापूर्वीच, १७३८ मध्ये, तेथील मोरेव्हियनांनी एक मळा गुलामांसह खरेदी केला होता. ज्या नवश्रद्धावानाचे अंतःकरण वृद्ध संताइतकेच शुद्ध मानले, त्याच्या पायातील बेडीला हात लावण्याची गरज वाटली नाही. एका सिद्धांतातून दुसरी गोष्ट अपरिहार्यपणे निघते असे म्हणता येणार नाही. त्या काळी निरनिराळ्या मतांचे ख्रिस्ती लोक गुलाम बाळगीत होते. परंतु आंतरिक समता पूर्ण झाली असे मानले की बाह्य विषमता सोसणे किती सोपे होते, याचे हे उदाहरण आहे.

वेस्ली यांनी १७७४ मध्ये 'गुलामगिरीविषयी विचार' ही पुस्तिका लिहून गुलामांचा व्यापारी, जहाजाचा कप्तान आणि मळ्याचा मालक या तिघांनाही दोषी ठरविले. मृत्यूच्या काही दिवस आधी, २४ फेब्रुवारी १७९१ रोजी, त्यांनी गुलामांच्या व्यापाराविरुद्ध झुंजणाऱ्या विल्यम विल्बरफोर्स यांना धीर देणारे पत्र लिहिले.

त्यांच्या अनुयायांचा इतिहास मात्र तितका उज्ज्वल नाही. १७८४ च्या डिसेंबरात बाल्टिमोर येथे अमेरिकन मेथडिस्ट चर्चची स्थापना झाली, तेव्हा सभासदांनी ठराविक मुदतीत गुलामांना मुक्त करावे असा नियम झाला. सहा-सात महिन्यांतच तो स्थगित करावा लागला. साध्या वर्तनाबद्दल ६४ जणांना वगळणारी संघटना श्रीमंत मळेवाल्यांपुढे नमली. १८४४ मध्ये बिशप जेम्स अँड्र्यू यांच्या मालकीच्या गुलामांवरून तिची शकले झाली आणि पुढल्या वर्षी दक्षिणेचे वेगळे मेथडिस्ट चर्च निघाले.

फीबी पामर आणि अमांडा स्मिथ

याच काळात न्यूयॉर्कमध्ये फीबी पामर या मेथडिस्ट विदुषीने 'जवळची वाट' दाखविली. सर्वस्व वेदीवर ठेवा; वेदी अर्पणास पवित्र करते, म्हणून तुम्ही पवित्र झालात असे तत्काळ माना आणि तसे जाहीर सांगा, असा त्यांचा उपदेश. १८४३ च्या 'पावित्र्याचा मार्ग' या त्यांच्या पुस्तकाने असंख्य लोकांना आकर्षित केले. वेस्ली यांच्या विवेचनातील दीर्घ क्रम येथे जवळजवळ लुप्त झाला. गुलामगिरीच्या प्रश्नावर पामरबाईंनी मौन पाळले, असा आक्षेप त्यांच्या काळापासून घेतला जातो. दुसऱ्या बाजूस, पूर्णतेचाच उपदेश करणारे चार्ल्स फिनी व एसा मेहॅन ज्या ओबर्लिन महाविद्यालयात होते, त्याने १८३५ मध्ये काळ्या विद्यार्थ्यांस प्रवेश खुला केला. म्हणजे एकाच शिकवणीतून मौनही आले आणि कृतीही आली.

येथे अमांडा स्मिथ यांचा विचार केल्याशिवाय हा इतिहास एकांगी राहील. त्यांचा जन्म १८३७ मध्ये मेरीलँड येथे गुलामीत झाला. धुणी धुऊन त्या पोट भरीत. १८६८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका गोऱ्या मेथडिस्ट मंडळीत प्रवचन ऐकत असताना त्यांना पूर्ण पवित्रीकरणाचा क्षणिक अनुभव आला. त्यांच्या आत्मचरित्रावरून दिसते की, त्या क्षणी गोऱ्या लोकांविषयीची भीती त्यांच्या मनातून नाहीशी झाली. ज्यांना पाहून आजवर संकोच वाटे ते आता लहान वाटू लागले. पुढे त्या गोऱ्यांच्या सभांतून उपदेश करू लागल्या आणि १८७९ ते १८८१ या काळात भारतातही आल्या. ज्या बाईला वर्तनाचे प्रमाणपत्र देण्याचा अधिकार तिच्या मालकवर्गाने स्वतःकडे घेतला होता, तिच्यासाठी क्षणाचा अनुभव हा त्या अधिकारास नकार होता. वर्षानुवर्षे पायऱ्या चढत जा, असे सांगणाराच पायऱ्यांचा मालक असेल, तर क्रमाचा उपदेश हेही जोखड ठरू शकते.

महाराष्ट्रातील पडसाद

हा प्रवाह महाराष्ट्रातही पोहोचला. पूर्ण पवित्रीकरणाचा उपदेश करणारे विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले आणि पुढील वर्षी तेथे मेथडिस्ट मंडळी स्थापन झाली. पंडिता रमाबाई यांचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला होता. परंतु आपणास ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मात्र त्यानंतर काही वर्षांनी मिळाला, अशी त्यांची १९०७ च्या आत्मनिवेदनातील भूमिका आहे. बाप्तिस्मा आणि परिवर्तन या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यांनी स्वानुभवाने सांगितले. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जून १९०५ च्या अखेरीस जे धार्मिक पुनरुज्जीवन झाले, त्यात मेथडिस्ट प्रचारिका मिनी अब्राम्स यांचा वाटा होता. अग्नीने अंतःकरण शुद्ध होण्याची भाषा तेथील मुलींच्या तोंडी होती. अब्राम्स यांची १९०६ ची पुस्तिका पुढे दक्षिण अमेरिकेतील चिली देशापर्यंत गेली आणि तेथील नव्या पंथाच्या उदयास कारण झाली. मुक्तीमध्ये अनुभवाबरोबर शिक्षण, छापखाना, शेती व विणकाम चाले, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नाला वेगळ्या दिशेने हात घातला. भारतातील धर्मांतरित ख्रिस्ती माणसाच्या स्थितीविषयीचा त्यांचा इंग्रजी निबंध महाराष्ट्र शासनाने १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात आहे. त्यात त्यांनी दाखवून दिले की, तुझे अधःपतन परिस्थितीमुळे नसून तुझ्या पापामुळे आहे, असे ज्याला शिकविले जाते, त्याला परिस्थितीशी लढण्याची प्रेरणा उरत नाही. चर्चमध्येही जातिभेद टिकून राहिल्याचे ते नमूद करतात. १७३९ मध्ये सेंट थॉमस बेटावर जे घडले त्याचेच हे निदान वाटते.

समारोप

क्षणात की क्रमाने, या प्रश्नाचे उत्तर ख्रिस्ती परंपरेला अडीच शतकांत एकमताने देता आले नाही. तथापि इतिहासाच्या अभ्यासकास एक गोष्ट स्पष्ट दिसते. झिंझेनडॉर्फ यांची आरोपित पूर्णता, बेल याची घोषित पूर्णता आणि मळेवाल्या मेथडिस्टांचे क्रमिक पावित्र्य, ही तिन्ही जेथे शेजाऱ्याच्या प्रश्नापासून सुरक्षित राहिली तेथे निष्फळ ठरली. न्यूकॅसलच्या वर्गात बायकोला मारणाऱ्याला जाब विचारला गेला. बाल्टिमोरच्या परिषदेनंतर गुलाम बाळगणाऱ्याला विचारणे थांबले. अमांडा स्मिथ यांचा एक क्षण मात्र खरा ठरला, कारण त्यानंतर त्यांनी कोणापुढे मान खाली घातली नाही. परिवर्तन एका दिवसात झाले की अनेक वर्षांत, याचा हिशेब ज्याचा त्याने ठेवावा. ते झाले की नाही, हे सांगण्याचा पहिला अधिकार त्याच्या हाताखाली राबणाऱ्यांचा व त्याच्या शेजारी राहणाऱ्यांचा आहे.